बरे वाटणे

मागच्या वर्षी द्वितीय वर्षाच्या अनुवादाच्या उत्तरपत्रिका तपासत असताना एका शब्दापाशी माझे लाल पेन थांबले. भाषांतरासाठी दिलेला इंग्रजी उतारा मीच निवडला होता. ऋतुबदलात येणाऱ्या विषाणुजन्य सर्दी-तापात सुगंधी तेले कशी वापरावीत हे सांगणारे ते एक जाहिरातवजा पत्रक होते. वाक्ये आखूड आणि अडवणारे शब्द मोजके, म्हणून घेतले. त्यात 'इसेन्शियल ऑइल' हा शब्द सात-आठ वेळा येत होता आणि निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी त्याचे मराठी 'आवश्यक तेल' असे केले होते. पहिल्या चार-पाच उत्तरपत्रिकांत मी त्या शब्दाखाली रेघ ओढली, अर्धा गुण कापला आणि पुढे गेले. मग मात्र हात अडखळू लागला.

चूक उघड होती. इथे 'इसेन्शियल'चा संबंध गरजेशी नाही, साराशी आहे. पानाफुलांत, सालीत, बियांत जो वास असतो तो वाहून नेणारे, हवेत सहज उडून जाणारे तेल वाफेच्या साहाय्याने वेगळे काढले की त्या वनस्पतीचे सार हाती आले, असे युरोपातल्या जुन्या किमयागारांना वाटे. ते नाव पुढे टिकून राहिले. मराठीला हा विचार परका नाही. आपल्याकडे अर्क हा शब्द आहे, सत्त्व आहे. काष्ठौषधींच्या दुकानात आजही 'ओव्याचे फूल' मागितले तर दुकानदार ओव्याचा मोहोर देत नाही; ओव्याच्या तेलातून निघालेले पांढरे स्फटिक पुडीत बांधून देतो. तेव्हा 'अर्कतेल' किंवा नुसते 'सुगंधी तेल' चालले असते. हे सारे वर्गात सांगता येण्याजोगे होते. तरीही 'आवश्यक' या शब्दाखाली रेघ ओढताना मला आमच्या आजऱ्याच्या घरातले फडताळ दिसत होते, आणि त्यातल्या निलगिरीच्या तेलाच्या बाटलीइतकी आवश्यक वस्तू त्या घरात दुसरी कुठली होती, ते आठवत नव्हते.

आजरा हा कोल्हापूर जिल्ह्यातला, सह्याद्रीला लागून असलेला तालुका. मृग लागला की पावसाची झड सुरू होई ती गणपतीपर्यंत. भिंतींना ओल येई, कपडे वाळत नसत, आणि घरात कुणी ना कुणी सतत शिंकत असे. त्या काळी 'व्हायरल' हा शब्द आमच्या बोलण्यात आला नव्हता. पडसे असे, ताप असे, फार तर 'साथ' असे. पडशाला औषध घेतले तर ते आठवड्यात जाते आणि नाही घेतले तर सात दिवसांत, ही थट्टा वडील दर पावसाळ्यात न चुकता करीत. त्यांचा स्वतःचा विश्वास अमृतधारेवर होता. पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि कापूर ही तीन कोरडी द्रव्ये ते एका बाटलीत घालून हलवीत, आणि पाण्याचा थेंबही न घालता त्यांचा पातळ द्रव होई. तो चमत्कार पाहायला आम्ही मुले भोवती जमत असू. आई मात्र या सगळ्याकडे दुर्लक्ष करून चुलीवर पितळी तपेले ठेवी.

पाण्याला आधण आले की ते उतरवून ती कोपऱ्यात, कलंडू नये म्हणून चुंबळीवर ठेवी. बाटलीचे बूच काढून दोन थेंब टाकी. तिसरा कधीच नाही; 'डोळे जळतील' एवढेच कारण ती देई. मग वरून जाड सोलापुरी चादर. मला त्या अंधाराची भीती वाटे, म्हणून ती स्वतःही चादरीत शिरे. "नाकानं ओढ, तोंडानं सोड." पहिल्या श्वासाला ठसका लागे, डोळ्यांतून पाणी येई, आणि दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला नाकापासून छातीपर्यंत एक गार वाट उघडल्यासारखे वाटे. उकळत्या पाण्याच्या वाफेत गारवा कुठून आला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. चादर काढली की पदराने माझे कपाळ पुशीत ती विचारी, "बरं वाटतंय?"

या प्रश्नाकडे मी पुढे व्याकरण शिकवताना नव्याने पाहिले. 'मी बरी झाले' आणि 'मला बरे वाटते' ही दोन वाक्ये वेगळ्या घडणीची आहेत. पहिल्यात आजारी माणूस वाक्याचा कर्ता आहे. त्याच्यात पालट झाला आहे आणि तो पालट दुसऱ्याला पाहता येतो, मोजता येतो. दुसऱ्यात तो 'मला' होऊन बाजूला बसतो आणि बरेपण त्याच्याकडे येते. ते आले की नाही, हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नसते. डॉक्टर पहिल्या वाक्याची चौकशी करतात, घरची माणसे दुसऱ्याची. वाफाऱ्यानंतर आईने मला 'बरी झालीस का' असे कधी विचारल्याचे स्मरत नाही.

ती बाटली आमच्या फडताळापर्यंत कशी आली, याचा शोध मी फार उशिरा घेतला. ज्या झाडाला आपण निलगिरी म्हणतो ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १८४३च्या सुमारास इंग्रजांनी ते निलगिरी पर्वतावर आणले. उटीच्या थंडीत जळणाची सोय म्हणून त्याची लागवड वाढत गेली, तिथल्या गवताळ माळांचा मोठा भाग त्याखाली गेला, आणि आपण त्या परक्या झाडाला पर्वताचेच नाव देऊन टाकले. ऑस्ट्रेलियात जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने १८५०च्या दशकात त्याच्या पानांचे तेल काढून विकायला सुरुवात केली. १८७० साली क्लोएझ या फ्रेंच रसायनज्ञाने तेलातला मुख्य घटक ओळखून त्याला युकॅलिप्टॉल हे नाव दिले. सिनिओल हे त्याचेच दुसरे नाव. रोग दूषित हवेतून, दुर्गंधीतून येतात ही समजूत तेव्हा पुरती मावळली नव्हती. ज्याचे कारण वास त्याचा उपायही वासच, हा तर्क त्या समजुतीच्या आत अगदी सुसंगत होता. समजूत गेली, तर्क मात्र आपल्या घराघरांत राहिला.

आपल्याकडे हा वास डबीत बसला तो १८९३ साली. काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी मुंबईत अमृतांजन सुरू केले. त्या मलमाच्या कमाईतून त्यांनी १९०८ साली मुंबईतूनच 'आंध्रपत्रिका' हे साप्ताहिक काढले आणि १९२४ साली मद्रासहून 'भारती' हे मासिक. तेलुगूतल्या एका मान्यवर वाङ्मयीन मासिकाचा आधार डोकेदुखीचे मलम होते, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी मौज वाटते. मराठी माणसाला अमृतांजन आठवते ते खंडाळ्याच्या घाटातल्या पुलामुळे. १८३०चा तो दगडी पूल, त्यावर झळकलेल्या जाहिरातीमुळे त्याला अमृतांजन पूल हे नाव पडले. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीने महामार्ग रिकामा असताना, तो पाडण्यात आला. ती बातमी मी वाचली त्या दिवसांत आमच्याकडे वाफाऱ्याचे तपेले दिवसातून दोनदा चढत होते.

मी तोवर कोल्हापुरात स्थिरावले होते. वडील वारले होते, आई माझ्याकडे राहत होती. वाफ घेतली की विषाणू नाकातच मरतो, अशा अर्थाचे निरोप फोनवर रोज येत. २०२१च्या एप्रिलमध्ये त्यात आणखी एकाची भर पडली: कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाचे काही थेंब यांची पुरचुंडी हुंगत राहिले तर रक्तातला ऑक्सिजन वाढतो. रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या, ऑक्सिजनसाठी नातेवाईक रात्ररात्र वणवण करीत होते. मी शिकलेली बाई. तरीही पुरचुंडी बांधली. आईच्या एका जुन्या सुती साडीचा तुकडा त्यासाठी फाडला, हेही आठवते.

त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आईला ताप आला. तपासणीत कोविड निघाला. डॉक्टरांनी घरीच राहायला सांगितले. बोटाला लावायच्या यंत्रावर दर काही तासांनी ऑक्सिजन पाहा, ९४च्या खाली गेला तर लगेच कळवा, असे बजावले. यंत्र शेजारच्या घरातून आणले. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यावर ९२ दिसले. मी आईकडे पाहिले. ती भिंतीला टेकून पुरचुंडी हुंगत होती, चेहरा शांत होता. मी वाफारा दिला आणि तिचेच वाक्य तिला विचारले.

"बरं वाटतंय?"

"खूप बरं वाटतंय गं. छाती मोकळी झाली बघ."

पुन्हा यंत्र लावले, ९१. बोटे गार असली की यंत्र चुकते असे मी कुठेतरी वाचले होते. तिची बोटे चोळली, पुन्हा लावले, पुन्हा ९१. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेली मी. त्या आकड्यापेक्षा मी तिच्या वाक्यावर विश्वास ठेवला आणि यंत्र डबीत घालून ठेवून दिले. डॉक्टरांना फोन केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, ८६ दिसले तेव्हा.

खाट मिळायला दुपार झाली. सोळा दिवसांनी आई घरी आली. ती आली, हेच महत्त्वाचे, असे सगळे म्हणाले आणि मीही म्हणाले. पण जिना चढताना ती आजही मधल्या वळणावर थांबते, आणि ती थांबली की ती एक रात्र माझ्यासमोर उभी राहते. आधी फोन केला असता तर काही वेगळे झाले असते का, हे मी डॉक्टरांना एकदा विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही; मीही पुन्हा विचारले नाही.

आई खोटे बोलली नव्हती. तिला खरोखरच मोकळे वाटले होते. हे कसे शक्य आहे, ते समजून घेण्यासाठी मी पुढची दोन वर्षे मिळेल ते वाचत राहिले. आपल्या नाकाच्या आतल्या अस्तरात थंडीची जाणीव देणारे मज्जातंतू असतात. पुदिन्याच्या फुलातले मेन्थॉल आणि निलगिरीतले सिनिओल त्यांच्यावरच्या थंडी ओळखणाऱ्या प्रथिनाला चाळवतात. मेंदूला वाटते, गार हवा आत येत आहे. हे प्रथिन २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे ओळखले, आणि उष्णता, थंडी व स्पर्श यांच्या जाणिवेवरच्या एकूण कामाबद्दल या दोघांना नोबेल मिळाले ते नेमके २०२१ साली. त्याच्या पुष्कळ आधी कार्डिफ विद्यापीठातल्या रॉन एकल्स यांनी मेन्थॉल हुंगणाऱ्यांच्या नाकातला हवेचा अडथळा यंत्राने मोजला होता. माणसे सांगत, नाक मोकळे झाले. मोजमाप सांगे, अडथळा होता तेवढाच आहे. त्यात कोविडची एक विपरीत गोष्ट अशी की ऑक्सिजन उतरूनही अनेकांना धाप लागत नसे. म्हणजे धोक्याची जी खूण शरीराने द्यायची ती गप्प होती, आणि मोकळेपणाची खूण मी दोन थेंबांनी जागी केली होती.

विषाणूवर या तेलांचा परिणाम काय? काचेच्या तबकडीत त्यांतले काही घटक काही जंतूंना आणि विषाणूंना मारक ठरतात. पण तबकडीतली मात्रा आणि तपेल्यातले दोन थेंब यांत फार अंतर आहे; शिवाय विषाणू वाढतो तो पेशींच्या आत. साध्या सर्दीत गरम दमट हवेचा उपयोग होतो का, हे पाहणाऱ्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातून ठाम लाभ दिसला नाही. जर्मनीत सिनिओलच्या कॅप्सूल श्वसनमार्गाच्या दाहावर दिल्या जातात, हे खरे. पण ते मोजून दिलेले औषध आहे, वाफारा नव्हे. आणि जे उडून जाते ते निरुपद्रवी असते, असेही नाही. निलगिरीचे तेल थोडेसे जरी लहान मुलाच्या पोटात गेले तरी झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. कापराचेही तसेच. नुसते हुंगून किंवा अंगाला चोळून झटके आल्याच्या नोंदी दक्षिण भारतातल्या मज्जाविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. वाफाऱ्याचे पाणी सांडून मुले भाजतात ती वेगळीच. हे वाचताना मला आईचा तिसऱ्या थेंबाविषयीचा हट्ट आणि तपेल्याखालची चुंबळ आठवली. तिने यातले काही वाचले नव्हते.

आई रुग्णालयात असतानाच मलाही संसर्ग झाला होता. ताप दोन दिवसांत गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ शिजू लागला की शेजारच्या घरापर्यंत कळते. त्या दिवशी कुकरची शिट्टी झाली, पण वास आला नाही. मी फडताळ उघडून निलगिरीची बाटली नाकाशी धरली. गारवा आला. नाकात झोंबले, डोळ्यांत पाणी आले, सगळे पूर्वीसारखे. फक्त वास नव्हता. पुढे कळले की वास एका मज्जातंतूचे काम आहे आणि गारवा-झोंबणे दुसऱ्याचे. विषाणूने माझे पहिले काम बंद पाडले होते. लहानपणापासून ज्याला मी एकच गोष्ट समजत आले होते त्या दोन होत्या. नुसत्या गारव्यात आजरा नव्हता, सोलापुरी चादर नव्हती, चादरीतली आई नव्हती. त्या दिवशी मी श्वास घेत होते, पण मला बरे वाटले नाही.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी वासाचा सराव करायला सांगितले. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडलेली ही पद्धत आहे: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे, लक्ष एकाग्र करून हुंगायचे. निलगिरीची बाटली पुन्हा बाहेर आली. आई आता घरी होती. मी डोळे मिटून बसले की ती एकेक बाटली पुढे करी आणि विचारी, "आला?" मी मान हलवीत असे. सप्टेंबरात लवंग आली, पुसट, जुन्या कपाटात ठेवल्यासारखी. निलगिरी आली ती प्रथम जळक्या रबराच्या वासाने, आणि आपल्या मूळ रूपात यायला तिला पुढचा पावसाळा उजाडला. हे सरावाने झाले की नुसत्या काळाने, ते मला सांगता येत नाही. घनसाळ अजून पुरता परतलेला नाही.

उत्तरपत्रिकांकडे परत येते. कापलेला अर्धा गुण मी कापलेलाच ठेवला. पण पुढच्या तासाला तोच उतारा वर्गात घेतला, तेव्हा माझ्याच हातून निसटलेली एक गोष्ट सापडली. मूळ पत्रकात एक वाक्य असे होते की ही तेले तुम्हाला बरे वाटायला मदत करतात. पत्रक लिहिणाऱ्याने शब्द जपून वापरला होता. विद्यार्थ्यांनी त्याचे मराठी 'ही तेले तुम्हाला बरे करतात' असे केले होते. 'आवश्यक'च्या खड्ड्यात न पडलेल्या हुशार मुलांनीही. आणि त्या प्रत्येक वाक्यावर मी बरोबरची खूण केली होती. वर्गात ते कबूल केले. एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, दोन्हींत एवढा फरक पडतो का?" मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली, एकातला 'मी' आणि दुसऱ्यातला 'मला' अधोरेखित केला, आणि त्या एप्रिलची हकीगत, शक्य तितकी थोडक्यात, सांगितली.

यंदा पाऊस सुरू झाला तसे आईला पडसे झाले. मी तपेले चुंबळीवर ठेवले, दोन थेंब टाकले, चादर दिली. वाफारा तिने मागितला होता आणि तिला तो नाकारण्याचे काही कारण मला दिसत नाही. चादर बाजूला करून तिने कपाळ पुसले. मी विचारले. "बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि मी काही बोलण्याआधीच तिने यंत्रासाठी बोट पुढे केले.